सापडलेली थैली आणि संत ऑगस्टीन

दरवर्षी २८ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा महागुरू संत ऑगस्टीन ह्यांचा सण साजरा करते. त्यांचे परिवर्तन व त्यांची माता संत मोनिका हिचे अश्रू आपणां सर्वांना परिचित आहेत. परक्याच्या धनाविषयी त्यांनी आयुष्यभर बाळगलेली सावधगिरी आम्ही येथे सांगू इच्छितो.

इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तागास्ते येथे त्यांचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी सवंगड्यांसह त्यांनी शेजारच्या झाडाची फळे चोरली. गरज नसताना केलेली ती चोरी त्यांना पुढे कायम सलत राहिली. ३८४ साली ते वक्तृत्वाचे शिक्षक म्हणून मिलानला गेले आणि ३८७ साली संत अँब्रोज ह्यांच्या हस्ते त्यांचा स्नानसंस्कार झाला.

मिलानमधील एक घटना त्यांनी पुढे प्रवचनात सांगितली. तेथील एका शाळेत पडद्यापाशी राखण करणाऱ्या अतिशय गरीब ख्रिस्ती माणसाला सुमारे २०० सुवर्णनाण्यांची थैली सापडली. त्याने जाहीर सूचना लावली. मालक आला. थैलीचा प्रकार, मोहोर व नाण्यांची संख्या ही खूण पटताच त्याने ती परत केली. मालकाने २० नाणी देऊ केली, मग १०, मग निदान ५. त्याने एकही घेतले नाही. अखेर आपले काही हरवलेच नव्हते असे म्हणत मालकाने थैलीच फेकून दिली. तेव्हा नाइलाजाने त्याने देऊ केलेले स्वीकारले आणि लगेच सारे गोरगरिबांना वाटले. सापडलेले परत न करणे म्हणजे लुबाडणेच, हे ऑगस्टीन ह्यांनी श्रोत्यांना स्पष्ट बजावले.

त्यांची स्वतःची कसोटी सुमारे ४२५ साली लागली. ३९१ साली ते हिप्पो येथे धर्मगुरू व पुढे महागुरू झाले होते. त्यांच्याबरोबर निर्धन जीवन पत्करलेल्या यानुआरियुस ह्या धर्मगुरूने गुपचूप धन राखले होते. मृत्युसमयी त्याने मुलाला व मुलीला डावलून ते ख्रिस्तसभेच्या नावे केले. देवळाच्या कामी आले असते, तरीही ऑगस्टीन ह्यांनी ते नाकारले आणि दोन्ही मुलांना सारखा वाटा मिळावा असा मार्ग काढला.

४३० साली त्यांचे निधन झाले. मृत्युपत्र नव्हते, कारण मागे ठेवण्यासारखे धनच नव्हते.

आज आपल्या बँकखात्यात चुकून परक्याची रक्कम जमा होते, तेव्हा ती देवानेच धाडली, किंवा थोडी दानपेटीत टाकू, असा विचार मनात डोकावतो. अशा वेळी आपण प्रथम मालकाचा शोध घ्यावा. दानधर्म स्वतःच्या पैशातून करावयाचा असतो.