अमझेऱ्याची तारीख सुधारली आणि उदाजीराव पवारांचं काम पुन्हा नोंदीवर आलं

धार/देवास : माळव्यात मराठी माणूस कसा आला, असं कुणालाही विचारा, तीन घराण्यांची नावं येतात. होळकर, शिंदे आणि पवार. पवारांत धारचे आनंदराव आणि देवासचे तुकोजी-जिवाजी हे भाऊ लोकांना माहीत असतात, कारण राज्यं त्यांच्या नावावर चढली. पण धारच्या आनंदरावांच्या आधी त्यांच्याच सख्ख्या थोरल्या भावानं या मुलखात घोडी दौडवली होती, सुभेदाराशी लढून मैदान मारलं होतं. ते म्हणजे उदाजीराव पवार. त्यांच्या कामाची नोंद आधी फिरवली गेली, मग चुकीची लिहिली गेली आणि दोनशे वर्षांनी कागद बाहेर आले तेव्हा कुठे ती दुरुस्त झाली.

सुप्याहून निघालेलं घराणं

पवार मूळचे माळव्याच्या परमारांचे वंशज, असं घराण्याची परंपरा सांगते. शिवकाळात मात्र ते नगरकडच्या सुप्याचे. कृष्णाजी पवार शिवाजी महाराजांच्या फौजेत होते. त्यांची मुलं बुबाजी, रायाजी आणि केरोजी राजाराम महाराजांच्या पडत्या काळात टिकून राहिली, म्हणून घराण्याकडे विश्वासराव हा किताब आला. बुबाजींना दोन मुलगे, काळोजी आणि संभाजी. काळोजींच्या मुलांपैकी तुकोजी आणि जिवाजी यांच्यापासून देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचा वंश चालला. संभाजींची मुलं उदाजी, आनंदराव आणि जगदेवराव. धारचं घराणं इथलं.

उदाजीराव शाहू महाराजांच्या हुजुरातीतले सरदार, म्हणजे थेट छत्रपतींचे चाकर. पहिल्या बाजीरावांना पेशवाई मिळाली 1720 मध्ये. त्यानंतर उत्तरेकडच्या स्वाऱ्यांत उदाजीराव त्यांच्या जोडीनं दिसू लागतात. 1722 च्या सुमारास माळवा आणि गुजरात या दोन्ही प्रांतांतला निम्मा मोकासा त्यांच्या नावे करून देण्यात आला.

मोकासा म्हणजे काय, हे इथं समजून घेतलं पाहिजे. चौथाईच्या वसुलीतून राजाचा हिस्सा वजा करायचा, उरलेल्यातला मोठा भाग सरदाराकडे जायचा. ती निव्वळ बक्षिसी नव्हती. त्यातूनच सरदारानं घोडी पोसायची, शिलेदारांचा पगार भागवायचा, सावकाराचं देणं फेडायचं. वसुली हातची गेली की फौज मोडायची आणि फौज मोडली की सरदारकी गेलीच. त्यामुळे कोणत्या परगण्यावर कुणाचं नाव लागलं, हा त्या काळी नुसत्या मानाचा विषय नव्हता, पोटाचाही होता.

गुजरातेत उदाजीरावांचं जमलं नाही. तिथं सेनापती दाभाडे, पिलाजी गायकवाड आणि कंठाजी कदम बांडे यांचा वावर होता. 1727 मध्ये बडोदा आणि डभोई ही ठाणी पिलाजींनी उदाजीरावांच्या हातून घेतली. मग सगळा जोर माळव्यावर आला.

29 नोव्हेंबर 1728

त्या साली दिवाळीनंतर बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा फौज घेऊन उत्तरेकडे निघाले. उदाजीराव आणि मल्हारराव होळकर हे त्यांच्या मुख्य सरदारांपैकी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फौज नर्मदा ओलांडून आली. माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर अमझेऱ्याजवळ घाट अडवून बसले होते. मराठे तिथूनच चढणार, असा त्यांचा अंदाज. मराठे मात्र मांडवगडाच्या बाजूनं वर आले आणि अनपेक्षित दिशेनं त्यांच्यावर पडले. 29 नोव्हेंबर 1728 च्या लढाईत दोन्ही भाऊ मारले गेले. सुभेदारच पडल्यानं माळव्याची मोगली व्यवस्था खिळखिळी झाली. त्यानंतर चिमाजीअप्पांनी उज्जैनला वेढा घातला, पण ते शहर काही हाती आलं नाही.

अमझेरा आज धार जिल्ह्यातच आहे. माळव्यातल्या मराठी सत्तेचा पाया कुठं घातला गेला, तर इथं.

या विजयाचे सेनानायक चिमाजीअप्पाच. मल्हाररावांचा वाटाही मोठा. पण मांडू आणि धारच्या टापूत वर्षानुवर्षं फिरलेला, वाटा-घाट ठाऊक असलेला सरदार म्हणून उदाजीरावांचं नाव या दोघांच्या बरोबरीनं घ्यावं लागतं.

मिळालं, आणि गेलं

विजयानंतर वाटणीची वेळ आली तेव्हा कुरबुर सुरू झाली. मांडवगड मराठ्यांच्या ताब्यात आला होता, पण सवाई जयसिंगांशी चाललेल्या बोलण्यामुळे 1730 मध्ये तो परत देण्याचा हुकूम शाहू महाराजांनी चिमाजीअप्पा आणि उदाजीरावांना केला. वसुलीच्या हिशेबावरून पेशवे आणि उदाजीराव यांच्यात बेबनाव वाढला. उदाजीराव स्वतःला छत्रपतींचे सरदार समजत, पेशव्यांचे नोकर नव्हे. पेशव्यांना तर हुकूम ऐकणारी, हिशेब वेळेवर देणारी माणसं हवी होती. ऑक्टोबर 1730 मध्ये माळव्यातल्या 74 परगण्यांची व्यवस्था मल्हाररावांकडे गेली. राणोजी शिंदेही वर येत होते. आधी आलेले उदाजीराव मागे पडले.

हे त्यांना सोसलं नाही. सेनापती त्रिंबकराव दाभाडे पेशव्यांविरुद्ध फौज जमवत होते, उदाजीराव तिकडे गेले. चार वर्षांपूर्वी ज्या पिलाजींनी त्यांची ठाणी घेतली होती, ते पिलाजीही त्याच गोटात होते. 1 एप्रिल 1731 ला डभोईजवळ गाठ पडली. त्रिंबकराव ठार झाले. उदाजीराव पेशव्यांच्या हाती कैद झाले.

पुढे सुटका झाली, पण माळवा सुटला तो सुटलाच. पेशव्यांनी पवारांचं घराणं मात्र मोडलं नाही. उदाजीरावांच्या जागी त्यांचे भाऊ आनंदराव आले. 29 जुलै 1732 ला माळव्याच्या वाटण्या ठरल्या, त्यात होळकर, शिंदे, आनंदराव पवार आणि तुकोजी-जिवाजी पवार यांचे हिस्से लिहिले गेले. उदाजीरावांचं नाव त्यात नव्हतं. मुलूख घरात राहिला, पण तो ज्यानं कमावला त्याचं नाव गेलं.

पेशव्यांची बाजूही खोटी नव्हती. भर लढाईत समोर उभा ठाकलेल्या सरदाराच्या हाती सरहद्दीचा प्रांत कोण देईल? उदाजीरावांनी 1733-34 मध्ये सिद्दीविरुद्धच्या मोहिमेत रायगडाच्या परिसरात तलवार चालवली, म्हणजे छत्रपतींची चाकरी सुटली नव्हती. पण माळव्यातली जागा परत मिळाली नाही.

चुकीची नोंद

इथवर झालं ते राजकारण. त्यापुढे जे झालं ती कारकुनी चूक म्हणावी लागेल.

जुन्या बखरींत आणि त्यांवर विसंबून लिहिलेल्या इंग्रजी इतिहासांत अमझेऱ्याच्या एका लढाईच्या दोन लढाया झाल्या. गिरधर बहादूर आधी पडला आणि दया बहादूर दोन-तीन वर्षांनी धारजवळच्या तिरल्याला पडला, असं चित्र रूढ झालं. दया बहादूरचा शेवट 1731 च्या अखेरीकडे नेला की काय होतं, बघा. त्या वेळी उदाजीराव डभोईला हरून पेशव्यांच्या मर्जीतून पुरते उतरले होते. म्हणजे त्या विजयात त्यांचा हात असणंच अवघड. तारीख पुढे सरकली आणि कामगिरी आपोआप दुसऱ्याच्या खात्यावर गेली.

इंग्रजी अमदानीतल्या संस्थानांच्या वर्णनांनी त्यात भर घातली. त्यांत धारची सुरुवात 1742 ला, आनंदरावांना बाजीराव पेशव्यांनी जहागीर दिली तिथून धरलेली सापडते. बाजीराव तर 28 एप्रिल 1740 लाच रावेरखेडीला वारले होते. तरीही तो आकडा एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिला.

दुरुस्ती कशी झाली

1930 च्या दशकात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड छापले गेले. त्यांतली त्या दिवसांतली पत्रं, तारखा आणि मुक्काम जुळवल्यावर स्पष्ट झालं, की लढाई एकच होती, ती 29 नोव्हेंबर 1728 ला झाली आणि दोघेही भाऊ तिथंच पडले. धारमध्ये काशिनाथ कृष्ण लेले आणि शिवराम काशिनाथ ओक यांनी पवार घराण्याचे कागद गोळा करून इतिहास लिहिला. सीतामऊचे राजपुत्र डॉ. रघुवीर सिंह यांनी 1936 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात माळव्याच्या या संक्रमणकाळाची नव्यानं मांडणी केली.

तारीख दुरुस्त झाली आणि उदाजीराव आपसूक अमझेऱ्याच्या मैदानावर परत आले. कुणी त्यांची स्तुती करायला बसलं नव्हतं. पत्रांवरच्या तारखा लागल्या, एवढंच.

डभोईची बाजू त्यानं पुसली जात नाही, पुसूही नये. पेशव्यांविरुद्ध उभे राहिले हे खरं आणि सुभेदाराविरुद्ध माळवा लढवला हेही खरं. एका दिवसाच्या पराभवानं आधीच्या दहा वर्षांची चाकरी रद्द होत नाही, एवढं त्या कागदांवरून म्हणता येतं.

आनंदरावांचे पुत्र यशवंतराव पवार 1761 ला पानिपतावर कामी आले. देवासच्या दोन्ही पात्या आणि धारचं राज्य स्वातंत्र्यानंतर भारतात विलीन होईपर्यंत टिकलं. या घराण्याची वंशावळ आजही सांगताना आनंदरावांपासून सुरुवात केली तर चुकीचं नाही, कारण राज्य त्यांना मिळालं. पण माळव्यातल्या कामगिरीची सुरुवात सांगायची असेल, तर पहिली ओळ उदाजीराव पवार, अमझेरा, 1728 अशीच लिहावी लागते.