थॉमस मिजली : पेट्रोलमध्ये शिसे मिसळणारा इंजिनिअर

मांजरसुंब्याचा घाट डबलसीट चढताना आळस करून गाडी चौथ्या गिअरमध्येच ठेवली, की इंजिनमधून बारीक टकटक ऐकू येते. मेकॅनिक म्हणतो नॉकिंग मारतंय, पेट्रोल बदलून बघा. मग रात्री मेसनंतर हॉस्टेलच्या कट्ट्यावर वाद सुरू! या पंपाचं चांगलं की त्या पंपाचं, एक्सपी-९५ टाकलं तर ॲव्हरेज वाढतं का, इथेनॉलमुळे गाडीची वाट लागते का. हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या मुळाशी आपल्यासारखाच एक मेकॅनिकलवाला बसलेला आहे.

थॉमस मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, बीव्हर फॉल्स या गावी झाला. वडील टायरच्या धंद्यातले संशोधक. लहानपण ओहायोतल्या कोलंबस शहरात गेलं. १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. १९१६ मध्ये डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला. केटरिंग म्हणजे मोटारीला इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर देणारा माणूस, त्याआधी हॅण्डल मारून गाडी सुरू करावी लागे.

केटरिंगची कंपनी खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी रॉकेलवर चालणारे छोटे वीजसंचही बनवायची. लोडशेडिंगच्या दिवसांत आपल्याकडे जनरेटर धडधडायचे ना, तोच प्रकार. हे इंजिन टकटक करायचं, आणि लोक दोष द्यायचे केटरिंगच्या बॅटरी-इग्निशनला. खरं कारण काय ते शोध, असं काम मिजलीच्या गळ्यात पडलं.

इथे थोडी थिअरी सहन करा. स्पार्क पडल्यावर ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते. पण ती पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम पेटलं, तर दाबाचा धक्का बसतो, तेच नॉकिंग. कम्प्रेशन रेशो वाढवला तर त्याच इंधनात जास्त काम मिळतं हे सेकंड इयरला पाठ केलेलं असतं, पण रेशो वाढवला की नॉकिंगही वाढतं. त्यामुळे तेव्हाच्या गाड्या चारच्या आसपासच अडकल्या होत्या. म्हणजे प्रश्न नुसत्या आवाजाचा नव्हता. नॉकिंग गेलं तर तेवढ्याच तेलात गाडी जास्त पळणार होती.

मिजलीची सुरुवात मात्र मजेशीर. लालसर पानांचं एक रानफूल थंडीतच फुलतं, कारण लाल रंग उष्णता शोषतो, अशी एक समजूत होती. मग रॉकेल लाल केलं तर? कपाटात तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, आयोडीन होतं. तेच टाकलं आणि टकटक कमी झाली! नंतर खरे लाल रंग आणून टाकले, तर शून्य फरक. थिअरी साफ चुकलेली, उत्तर मात्र बरोबर. व्हायवात आपलं असं कितीदा होतं!

पुढची काही वर्षं एकामागून एक पदार्थ टाकून बघण्यात गेली. ॲनिलिन झालं, सेलेनियम झालं. टेल्युरियमचा लसणासारखा वास अंगाला असा चिकटायचा की आंघोळ करूनही जायचा नाही. शेवटी पिरिऑडिक टेबल समोर ठेवून शोध सुरू केला आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड हाती लागलं. हजार भागांत जेमतेम एक भाग, आणि नॉकिंग गायब.

आता खरी गोष्ट. दुसरा उपाय मिजलीला आधीच ठाऊक होता : अल्कोहोल, म्हणजे आपलं इथेनॉल. त्याच १९२१ साली ३० टक्के अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर जास्त कम्प्रेशनची गाडी त्याने डेटनहून इंडियानापोलिसला, ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या सभेला नेली होती. पण अल्कोहोलचं पेटंट घेता येत नव्हतं, आणि ते भरपूर मिसळावं लागायचं. शिशाची चिमूटभर पुरायची, आणि त्यावर मालकी सांगता यायची. माझ्या मते निकाल इथेच लागला, प्रयोगशाळेत नाही.

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर 'इथाइल' पेट्रोल विकायला आलं. नावात शिसे हा शब्दच नाही! त्याच सुमारास खुद्द मिजलीला शिशाची बाधा झाली होती, काम सोडून फ्लोरिडात विश्रांतीला जावं लागलं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, कित्येक आजारी पडले. तरीही त्या महिन्याच्या अखेरीस मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले आणि मिनिटभर वाफ हुंगून दाखवली. स्वतः भोगलेला माणूस असं कसं करू शकतो, हे मला अजून उमगलेलं नाही. १९२५ मध्ये विक्री थांबली, चौकशी झाली, आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली.

याच इथाइल कंपनीत ग्रॅहम एडगरने पुढे ऑक्टेन नंबर आणला : आयसो-ऑक्टेनला शंभर, हेप्टेनला शून्य. आपल्या कट्ट्यावरच्या वादाचा निकाल याच आकड्यात आहे. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, नॉकिंगला टक्कर देण्याची क्षमता. ज्या इंजिनला ९१ पुरतं त्यात ९५ टाकून ॲव्हरेज वाढत नाही. तेलकंपन्यांचं मूळ पेट्रोल बऱ्याचदा एकाच डेपोतून भरलं जातं, फरक असतो वरून टाकलेल्या ॲडिटिव्हचा. इथेनॉलचं म्हणाल तर त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. २० टक्के मिसळलं की हिशोबाने सहा-सात टक्के ऊर्जा घटते. कम्प्रेशन त्याला साजेसं असेल तर काही भरपाई होते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ती होत नाहीच, वर रबरी नळ्या आणि गॅस्केट सांभाळावे लागतात. सुट्टीत महिनाभर गाडी उभी असेल तर इथेनॉल पाणी ओढतं, हेही ध्यानात ठेवा.

मिजली इथेच थांबला नाही. फ्रिजमध्ये तेव्हा विषारी वायू असत, म्हणून त्याने फ्रिऑन शोधला. १९३० मध्ये केमिकल सोसायटीच्या सभेत तो वायू छातीत भरून घेऊन फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की हेच वायू ओझोनचा थर खातात. म्हणजे एकाच माणसाचे दोन शोध, आणि दोन्ही पृथ्वीभर पसरले. त्याला मात्र हयातीत मानसन्मानच मिळाले. १९४१ मध्ये प्रीस्टली पदक मिळालं, १९४४ मध्ये तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

१९४० मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला. पाय गेले. पलंगावरून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांचं यंत्र स्वतःच बनवलं. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत तो मृतावस्थेत सापडला. वय ५५.

शिसे त्याच्यानंतर कितीतरी वर्षं लोकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या रक्तात जात राहिलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० मध्ये बंद झालं, शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ मध्ये. आपल्याकडे २००३ मध्ये पाच टक्के इथेनॉलची सुरुवात झाली त्या राज्यांत महाराष्ट्र होता, आणि २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपावर येऊ लागलं. मिजलीने बाजूला ठेवलेलं अल्कोहोल असं उसाच्या मळीतून आणि रसातून परत आलं. तो ऊस तोडायला दिवाळीच्या आसपास आपल्याच जिल्ह्यातून ट्रॅक्टर भरभरून कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. आपल्या वर्गातल्या काहींचे आईवडीलही त्यात असतात.