बिघडणाऱ्या भागांतून भरवशाचे यंत्र

बँकेतील खाती, रुग्णालयातील तपासण्यांचे अहवाल, रेल्वेची आरक्षणे असा महत्त्वाचा डेटा आज सहसा एकाच यंत्राच्या हवाली केला जात नाही. दोन किंवा अधिक सर्व्हर एकमेकांना जोडून त्यांचा क्लस्टर केला जातो. एक बंद पडला की थोड्याच वेळात दुसरा त्याचे काम हाती घेतो. या अदलाबदलीला ‘फेलओव्हर’ म्हणतात. काउंटरसमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ती झाल्याचे कळतही नाही. खरा धोका मात्र त्यानंतर सुरू होतो. काम चालू असते, पण पाठीशी कोणी उरलेले नसते. प्रत्येक भाग कधी ना कधी दगा देणार, हे गृहीत धरून सबंध यंत्र भरवशाचे कसे ठेवायचे? या प्रश्नाला गणिताची चौकट देणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांत जॉन फॉन नॉयमन यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागते.

फॉन नॉयमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे एका सधन ज्यू कुटुंबात झाला. तीन भावांत ते थोरले. वडील बँक व्यवसायात होते. मोठमोठी गणिते हा मुलगा तोंडी सोडवत असे आणि इतिहासाचे ग्रंथही तितक्याच आवडीने वाचत असे. निव्वळ गणितावर पोट भरेल का, ही वडिलांची चिंता होती. त्यावर तडजोड निघाली. मुलाने रसायन अभियांत्रिकी शिकावी आणि गणितही सोडू नये. त्याप्रमाणे १९२६ मध्ये झुरिच येथील रसायन अभियांत्रिकीची पदविका आणि बुडापेस्ट विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट, दोन्ही त्यांच्या हाती आल्या. १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले आणि १९३३ पासून तेथील ‘इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी’मध्ये प्राध्यापक झाले. आइन्स्टाइन हे तेथील त्यांचे सहकारी. पुंजयांत्रिकीच्या गणिती पायावरचा त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये, तर ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह लिहिलेला खेळांच्या सिद्धान्तावरचा ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामोस येथील अणुबाँब प्रकल्पात त्यांचा सहभाग होता. तेथील आकडेमोड माणसांच्या आणि साध्या गणनयंत्रांच्या आवाक्याबाहेर चालली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात मेरिलँडमधील ॲबर्डीनच्या रेल्वे फलाटावर त्यांची गाठ हर्मन गोल्डस्टाइन या लष्करी अधिकाऱ्याशी पडली. गोल्डस्टाइन स्वतः गणिती होते. फिलाडेल्फियात एक इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र तयार होत असल्याचे फॉन नॉयमन यांना त्यांच्याकडून समजले. ते यंत्र म्हणजे ‘एनिॲक’. लवकरच ते तिथे जाऊन पोहोचले. पुढे १९४५ मध्ये त्यांनी नंतरच्या यंत्राचा जो आराखडा लिहिला, त्यावर एकट्या त्यांचेच नाव आले. त्यातील कल्पना घडवण्यात वाटा असलेले एकर्ट आणि मॉकली हे अभियंते त्यामुळे दुखावले गेले. श्रेयाचा तो वाद आजही पूर्ण शमलेला नाही.

एनिॲकमध्ये जुन्या रेडिओत असत तशा सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. ट्यूब तापते, झिजते आणि एक दिवस जाते. एक ट्यूब वर्षानुवर्षे टिकेलही, पण हजारो एकत्र आल्या की त्यातली कुठली तरी एक सतत जाण्याच्या बेतात असते. हे यंत्र न बिघडता सलग चालल्याचा सर्वांत मोठा काळ १९५४ मध्ये नोंदला गेला. तो होता ११६ तासांचा, म्हणजे पाच दिवसांहूनही कमी.

प्रिन्स्टनला फॉन नॉयमन यांच्या नेतृत्वाखाली जे यंत्र बांधले गेले आणि १९५२ मध्ये जाहीरपणे कार्यान्वित झाले, त्याची खरी परीक्षा डेटा साठवण्यात होती. दूरचित्रवाणीच्या पिक्चर ट्यूबसारख्या ४० नळ्या हीच त्याची स्मृती. प्रत्येक नळीच्या पडद्यावर विद्युतभाराचे १,०२४ ठिपके. सगळे मिळून आजच्या हिशेबात जेमतेम पाच किलोबाइट. हा भार सेकंदाच्या अंशात गळून जाई. म्हणून प्रत्येक ठिपका वाचायचा आणि लगेच पुन्हा लिहायचा, हे काम यंत्राला अखंड करावे लागे. शिवाय प्रत्येक संख्येचा एकेक अंक एकेका नळीत ठेवलेला असे. त्यामुळे चाळीसच्या चाळीस नळ्या एकाच वेळी धड असणे आवश्यक होते. एक जरी रुसली, तरी सगळे गणित संशयास्पद ठरे.

हा अनुभव जमा होत असतानाच फॉन नॉयमन यांचे लक्ष सजीवांच्या शरीराकडे वळले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे मेंदू आणि वर्तन या विषयावर परिसंवाद झाला. तिथे त्यांनी यंत्र आणि सजीव यांच्यातला एक मूलभूत फरक मांडला. यंत्रात चूक झाली की अभियंता ते थांबवतो आणि दोष शोधतो. दुसरी चूक होण्याआधी पहिली सापडली नाही, तर शोध घेणेच अवघड होते. शरीर असे थांबत नाही. ते दोष बाजूला टाकते, त्याला वळसा घालते, जमेल तशी दुरुस्ती करते आणि दरम्यान जगत राहते. मूत्रपिंडे दोन असतात आणि एक काढले तरी माणूस दुसऱ्यावर जगू शकतो. मेंदूतील काही पेशी मेल्या म्हणून विचार थांबत नाही. सदोष अवस्थेतही काम चालू ठेवण्याची ही क्षमता यंत्रात कशी आणायची, हा प्रश्न पुढे त्यांनी हाती घेतला.

उत्तर त्यांनी जानेवारी १९५२ मध्ये पॅसाडीना येथीलच ‘कॅलटेक’ संस्थेत दिलेल्या पाच व्याख्यानांत मांडले. ती १९५६ मध्ये छापली गेली. कल्पनेचा पहिला टप्पा सोपा आहे. एकच काम तीन भागांना द्यायचे आणि बहुमताचे उत्तर स्वीकारायचे. प्रत्येक भाग शंभरात १० वेळा, दुसऱ्यांशी संबंध न ठेवता चुकत असेल, तर तिघांचे बहुमत शंभरात तीनहून कमी वेळा चुकते. पण मते मोजणारा भागही त्याच कच्च्या मालाचा बनलेला असतो. तो चुकला तर? इतरांनी जो भाग निर्दोष धरला असता, तोही फॉन नॉयमन यांनी सदोष धरला.

म्हणून पुढच्या टप्प्यात त्यांनी एका तारेऐवजी तारांची जुडीच घेतली. जुडीतल्या बहुतेक तारा जे सांगतील ते उत्तर. प्रत्येक क्रियेनंतर जुडीत थोड्या चुकीच्या तारा वाढतात. उत्तर अजून बरोबरच असते, पण बहुमताची आघाडी घटलेली असते. अशा अनेक क्रिया झाल्या, तर एक वेळ अशी येते की जुडी काय सांगते आहे हेच कळेनासे होते. त्यामुळे प्रत्येक क्रियेच्या पाठोपाठ त्यांनी एक वेगळा भाग बसवला. नवे उत्तर काढणे हे त्याचे काम नव्हते. घटलेली आघाडी पुन्हा भरून काढणे एवढेच त्याचे काम होते.

याची किंमतही त्यांनी मोजली. प्रत्येक भाग दोनशेत एकदा चुकतो असे धरले, तर हजार तारांची जुडीही शंभरात दोन-तीनदा फसते. दहा हजार तारा घेतल्या, तर फसण्याची शक्यता अब्जात एकाहूनही कमी होते. यालाही मर्यादा आहे. तिघांच्या बहुमताच्या रचनेत प्रत्येक भाग सहात एकदा किंवा त्याहून अधिक चुकू लागला, तर कितीही पुनरावृत्ती केली तरी उपयोग होत नाही.

आजच्या सर्व्हरमध्ये तारांच्या जुड्या नसतात, पण तत्त्व तेच लागू पडते. क्लस्टरमधील यंत्रे एकमेकांना ठरावीक अंतराने एक संकेत पाठवत राहतात. त्याला ‘हार्टबीट’ असेच म्हणतात. तो थांबला की फेलओव्हर होतो. सेवा वाचते, आघाडी मात्र संपते. ती परत मिळवण्याला क्रम आहे. आधी बंद पडलेले यंत्र कशामुळे पडले हे शोधायचे: डिस्क, वीजपुरवठा, की फक्त मधली केबल. मग ते यंत्र तसेच रांगेत उभे करायचे नाही. त्याच्याजवळचा डेटा शिळा झालेला असतो. चालू यंत्राकडून मधल्या काळातले सर्व बदल उतरवून घेईपर्यंत त्याला जबाबदारी द्यायची नसते.

तिसरी खबरदारी बहुमताची. दोघांमधला संपर्क तुटला, तर प्रत्येकाला दुसरा मेला असे वाटते. मग दोघेही स्वतःला प्रमुख समजून त्याच डेटावर लिहू लागतात आणि सगळी नोंद बिघडते. याला ‘स्प्लिट-ब्रेन’, म्हणजे दुभंगलेला मेंदू, म्हणतात. ते टाळण्यासाठी तिसरे मत ठेवतात. ज्याच्या बाजूने गणपूर्ती, त्यालाच लिहिण्याचा अधिकार. आणि शेवटी कमी कामाच्या वेळी मुद्दाम अदलाबदल करून पाहायची. दुसरे यंत्र नुसते सुरू दिसणे पुरेसे नसते, ते वेळेला काम हाती घेते की नाही हे पाहावे लागते. ही शेवटची पायरी गाळली गेली, की राखीव यंत्राचा दोष नेमका संकटात उघड होतो.

मार्च १९५५ मध्ये फॉन नॉयमन अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांचा डावा खांदा दुखू लागला. तपासणीत हाडात पसरलेला कर्करोग आढळला. १९५६ च्या सुरुवातीला ते चाकांच्या खुर्चीत आले. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडून ‘मेडल ऑफ फ्रीडम’ त्यांनी त्याच खुर्चीत बसून स्वीकारले. एप्रिलमध्ये त्यांना वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात हलवण्यात आले. येल विद्यापीठात त्या वसंतात द्यायची व्याख्याने ते देऊ शकले नाहीत. विषय होता संगणक आणि मेंदू. हस्तलिखित त्यांनी रुग्णालयात सोबत नेले, पण ते पुरे झाले नाही.

रोग बळावत गेला, तशी बुद्धीही साथ सोडू लागली आणि हे त्यांना स्वतःला कळत होते. मुलगी मरीना भेटायला आली असता त्यांनी तिला साध्या बेरजा घालायला सांगितल्या. सात अधिक चार, अशा. ती थोडा वेळ विचारत राहिली आणि मग सहन न होऊन खोलीबाहेर गेली. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, फॉन नॉयमन यांचे निधन झाले.

अपुरे राहिलेले ते हस्तलिखित १९५८ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. प्रस्तावना पत्नी क्लारा यांनी लिहिली. चेतासंस्थेची आकडेमोड यंत्राच्या मानाने ढोबळ असते, पण तिची विश्वासार्हता मोठी असते, हा त्यातला एक महत्त्वाचा विचार आहे. विश्वासार्हता ही एकदा बसवून विसरून जाण्याची वस्तू नाही, हे त्यांच्या कॅलटेकमधील गणिताने आधीच दाखवले होते. प्रत्येक कामात ती थोडी खर्च होते आणि प्रत्येक कामानंतर ती भरून काढावी लागते. फेलओव्हर झाल्यावरही सेवा सुरळीत आहे म्हणून दुरुस्ती उद्यावर टाकली, तर तो दिवस शिलकीवर काढलेला असतो.