निकोला टेस्ला आणि ब्रश नसलेली मोटर

खेळण्यातल्या विमानाची मुठीएवढी मोटर जुन्या सायकलला जोडून घरच्या घरी विजेची सायकल करण्याचा छंद अनेकांना लागला आहे. ही मोटर ‘ब्रशलेस’ असते. जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या गुंडाळ्यांना वीज पोचवायला कार्बनचे ब्रश लागतात. ते घासतात, झिजतात, ठिणग्या उडवतात. ब्रशच नको, असे ज्याच्या मनाने विद्यार्थीदशेतच घेतले त्या निकोला टेस्लाची ही हकिगत.

टेस्लाचा जन्म १८५६ साली आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान या खेड्यात झाला. वडील धर्मगुरू. आई निरक्षर, पण घरातली अवजारे स्वतः बनवणारी. मुलानेही धर्मगुरू व्हावे ही वडिलांची इच्छा होती. १८७३ साली निकोलाला कॉलरा झाला. कित्येक महिने तो अंथरुणाला खिळला, तेव्हा कुठे वडिलांनी त्याला इंजिनियरिंगला पाठवायचे कबूल केले.

ग्रात्स येथे शिकताना वर्गात एक डायनॅमो आला. मोटर म्हणून चालवताना त्याच्या ब्रशमधून ठिणग्या उडत होत्या. ब्रशशिवाय हे यंत्र चालवता येईल, असे टेस्ला बोलून गेला. प्राध्यापक पोशल यांनी हे अशक्य कसे आहे यावर भर वर्गात व्याख्यानच दिले! पुढे टेस्ला जुगाराच्या नादी लागला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. हेही सांगायला हवे.

१८८२ साली बुडापेस्टच्या बागेत मित्राबरोबर फिरताना त्याला उत्तर सुचले. स्थिर गुंडाळ्यांत पाळीपाळीने वीज सोडली तर चुंबकीय क्षेत्रच गोल फिरते आणि मधल्या भागाला ओढत नेते. त्याने काठीने मातीत आकृती काढून दाखवली. (इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनाही स्वतंत्रपणे हेच सुचले होते.)

१८८४ साली तो न्यूयॉर्कला गेला. एडिसनच्या कंपनीत काही महिने काढले. नंतर स्वतःच्या नावाची कंपनी निघाली, पण भागीदारांनी त्यालाच बाहेर काढले. मग डोक्यात मोटर आणि हातात फावडे घेऊन हा माणूस रोज दोन डॉलरवर चर खणत होता. १ मे १८८८ रोजी मोटरची पेटंटे मिळाली. वेस्टिंगहाऊसने ती घेतली आणि १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोचली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये स्वामी विवेकानंदांची आणि टेस्लाची भेट झाली. स्वामीजी १८९२ साली आपल्या बेळगावात येऊन गेले होते.

१८९८ साली टेस्लाने तारेशिवाय दुरून चालवलेली छोटी बोट लोकांना दाखवली. आजची रिमोटची विमाने त्याच वंशातली, आणि सायकलला लावायची ही मोटर त्याच विमानांतून आली. टेस्लाच्या मोटरमध्ये कायमचे चुंबक नव्हते. आजच्या मोटरमध्ये चुंबक फिरते, आणि कोणत्या गुंडाळीला केव्हा वीज द्यायची हे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर ठरवतो. पण फिरत्या क्षेत्राचे तत्त्व तेच.

टेस्लाला पैसा मात्र टिकवता आला नाही. रॉयल्टीवर त्याने पाणी सोडले, बिनतारी वीज पाठवण्याचा मनोरा अर्धवट राहिला. अविवाहित टेस्ला उतारवयात हॉटेलांत राही, कबुतरांना दाणे घाली. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या हॉटेलमध्येच तो वारला.

सायकल करू पाहणाऱ्यांसाठी एक हिशेब. २६ इंची चाक ताशी २५ कि.मी. वेगाला मिनिटाला सुमारे २०० फेरे घेते. व्होल्टमागे १५० फेरे घेणारी मोटर २४ व्होल्टवर ३६०० फेरे घेईल, म्हणजे वेग अठरापट कमी करावा लागतो. एका साखळीत हे जमत नाही, दोन टप्पे घ्यावे लागतात. थेट जोडलेली मोटर चढावर तापून जळते. आणि लिथियमची बॅटरी चार्ज करताना घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.