भायखळा स्टेशनची गोष्ट नाना शंकरशेठ यांच्याशिवाय सुरूच होत नाही

मध्य रेल्वेनं रोज ये-जा करणाऱ्यांसाठी भायखळा म्हणजे कायम गर्दीचं एक स्टेशन. गाडी पकडायच्या घाईत स्टेशनच्या इमारतीकडे मान वर करून बघायला कुणाला वेळ असतो?

पण ही इमारत १८५७ सालची आहे. देशात आजही वापरात असलेल्या सगळ्यात जुन्या स्टेशन इमारतींमध्ये तिचं नाव घेतलं जातं. आणि ज्या रेल्वेमार्गावर ती उभी आहे, तो मार्ग मुंबईत यावा म्हणून झटलेला माणूस म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ, अर्थात नाना.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. आडनाव मुरकुटे, घराणं मूळचं मुरबाडचं. दैवज्ञ समाजातलं हे व्यापारी कुटुंब मुंबईत येऊन गडगंज झालं. नाना विशीत येण्याआधीच वडील गेले आणि सगळा कारभार त्यांच्या अंगावर पडला. व्यापारात त्यांची पत एवढी होती की, अरब आणि अफगाण व्यापारी आपला पैसा बँकेऐवजी नानांकडे ठेवायचे.

त्या काळी देशावरचा कापूस मुंबई बंदरात यायचा तो बैलगाडीनं आणि बैलांच्या पाठीवरून. मध्ये सह्याद्रीचे घाट. पावसाळा लागला की सगळंच ठप्प. इकडे इंग्लंडमध्ये १८३० सालीच लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे धावायला लागली होती. हीच गाडी मुंबईतही आली पाहिजे, असं नानांनी मनावर घेतलं.

१८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पुढाकार घेऊन इंडियन रेल्वे असोसिएशन उभी केली. पुढे ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजेच जीआयपी कंपनीत सामील झाली. या कंपनीच्या दहा संचालकांमध्ये भारतीय फक्त दोन होते, जमशेटजी आणि नाना.

३१ ऑक्टोबर १८५० ला शीवजवळ कामाची पहिली कुदळ पडली. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास २१ तोफांची सलामी झाली आणि बोरीबंदरहून ठाण्याकडे गाडी निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे. त्या पाहुण्यांमध्ये नानाही होते. अंतर ३४ किलोमीटर.

भायखळा याच मार्गावरचं सुरुवातीचं स्टेशन. आधी तिथं साधं लाकडी बांधकाम होतं, १८५७ मध्ये आजची पक्की इमारत उभी राहिली.

आता १८५७ म्हटलं की दुसरी गोष्ट आठवते, ती उठावाची. त्या वर्षी इंग्रज सरकारचा नानांवरच संशय होता, उठावाशी त्यांचा संबंध असावा म्हणून. पुरावा काही सापडला नाही आणि नाना त्यातून सुटले. पण संशय यायला पार्श्वभूमी होती. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन करण्यात नाना पुढे होते आणि कारभारात भारतीयांना वाटा द्या, असा अर्ज या संस्थेनं थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठवला होता. रेल्वेसाठी इंग्रजांच्या मांडीला मांडी लावून बसणारा हा माणूस हक्काच्या प्रश्नावर मात्र मागे हटत नव्हता. पुढे १८६२ मध्ये त्याच सरकारला त्यांना मुंबईच्या कायदेमंडळात घ्यावं लागलं.

बाकी कामांची यादीही मोठी आहे. मुलींनी शिकणं लोकांना पटत नव्हतं, तेव्हा नानांनी मुलींच्या शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली. एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत त्यांचा हात होता. आणि भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरून राणीच्या बागेत गेलात, तर तिथलं भाऊ दाजी लाड संग्रहालय ज्यांच्या धडपडीतून उभं राहिलं, त्यांतही नाना होते.

३१ जुलै १८६५ ला नाना गेले. बोरीबंदरची भव्य इमारत, म्हणजे आजचं सीएसएमटी, बांधायला घेतली ती १८७८ मध्ये. नानांना ती बघता आली नाही, पण तिच्या दर्शनी भिंतीवर जीआयपीच्या संचालकांचे चेहरे कोरले आहेत, त्यात नानांचाही आहे. सीएसएमटीला २००४ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

भायखळ्याच्या वाट्याला मात्र बरीच वर्षं दुर्लक्षच आलं. अलीकडे इमारतीची जुन्या रूपाला धरून दुरुस्ती झाली आणि २०२२ मध्ये वारसा जतनासाठीचा युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार या स्टेशनला मिळाला.

या स्टेशनचं मोल फक्त जुन्या दगडांत नाही. किल्ले, राजवाडे आपण तिकीट काढून बघायला जातो. इथं तिकीट काढायचं ते कामावर जायला. दीडशेहून जास्त वर्षं ही इमारत ज्या कामासाठी बांधली, तेच काम करतेय. नानांनी उभं केलेलं बरंचसं असंच आहे. लोक रोज वापरतात, त्यामागचं नाव मात्र आठवत नाही.

पुढच्या वेळी भायखळ्याला गाडी चुकलीच, तर वैतागण्याआधी एकदा त्या इमारतीकडे मान वर करून बघा.