चांदीच्या हाताचा राजा नुआडा

शिक्षक मित्रांनो, पालकहो, आयर्लंडच्या पुराणकथांतला हा राजा तुमच्या वर्गात यायलाच हवा. नुआडा हा तुआथा डे डानन लोकांचा राजा. फिर बोल्ग लोकांशी झालेल्या लढाईत त्याचा एक हात तुटला. लढाई जिंकली, पण गादी गेली! कारण अंगात व्यंग असलेल्याने राज्य करायचं नाही, असा नियम होता. मग देखणा ब्रेस राजा झाला. धडधाकट, पण कंजूष. त्याच्या राज्यात प्रजा गांजली. इकडे वैद्य डिअन केख्टने नुआडाला चांदीचा हात बसवला आणि नुआडा पुन्हा गादीवर आला. पुढे बालोरशी लढताना तो मारला गेला.

गोष्ट सांगून झाली की मुलांना एवढंच विचारा : खरं व्यंग कोणात होतं?