दोन सीमांमध्ये सत्य पकडणारे आर्किमिडीज

वर्तुळाचा परीघ काढताना पाय म्हणजे २२/७ हे आपण सर्वांनीच शाळेत पाठ केले. ज्यांच्यापासून ही संख्या आपल्यापर्यंत आली, त्या आर्किमिडीज यांची सिद्धता मात्र निराळे सांगते. परीघ व व्यास यांचे गुणोत्तर २२/७ हून लहान आणि २२३/७१ हून मोठे असते, एवढेच त्यांनी सिद्ध केले. या दोन अपूर्णांकांतील फरक अवघा १/४९७ आहे.

इ.स.पू. २८७ च्या सुमारास सिसिली बेटावरील सिरॅक्यूज या ग्रीक नगरात त्यांचा जन्म झाला. वडील फिडियस खगोलज्ञ होते. राजमुकुटाची आणि स्नानगृहाची कथा सर्वश्रुत आहे; ती आम्ही येथे पुन्हा सांगत नाही. आम्हांला त्यांचे थोरपण अधिक दिसते ते वर्तुळाच्या मापनात. वर्तुळाच्या आत एक षट्कोन आणि बाहेर एक षट्कोन कल्पून त्यांनी बाजू दुप्पट करीत १२, २४, ४८ आणि अखेर ९६ पर्यंत नेल्या. आतील आकृतीची परिमिती परिघाहून लहान, बाहेरील मोठी. परीघ मध्ये कोंडला गेला. दशमान अपूर्णांक हाताशी नसताना केलेली ही आकडेमोड किती कष्टाची असेल! तीत वर्गमुळे येत. त्यांचीही किंमत ते सोयीच्या बाजूला, पण जाणीवपूर्वक कमी किंवा अधिक धरीत, म्हणजे सीमा कोठेही ढासळत नसे.

सूर्यबिंबाचे मापही त्यांनी असेच घेतले. उगवत्या सूर्याकडे रोखलेल्या लांब पट्टीवर लहानसे दंडगोल उभे करून ते त्यांनी पुढेमागे सरकविले. डोळा, हात आणि उपकरण यांवर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, हे जाणून त्यांनी निष्कर्ष काढला की बिंबाचा कोन काटकोनाच्या १/२०० हून मोठा व १/१६४ हून लहान आहे. आजचे माप या दोहोंच्या मध्येच पडते.

हाच विचार पुढे अंतराल-गणित झाला. संगणकात अंकांची काटछाट अटळ असते. म्हणून एका संख्येऐवजी खालची व वरची सीमा घेऊन गणित करण्याची रीत अमेरिकी गणिती रॅमन मूर यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली. २ ते ३ यांत ४ ते ५ मिळविले, तर उत्तर ६ ते ८ यांच्या बाहेर जाऊच शकत नाही.

इ.स.पू. २१२ मध्ये रोमन सैन्याने सिरॅक्यूज जिंकले, त्या धामधुमीत एका सैनिकाच्या हातून आर्किमिडीज मारले गेले. त्यांनी रचलेल्या युद्धयंत्रांनी नगर दीर्घकाळ तग धरून होते. समाधीवर मात्र यंत्र नव्हते, गोल आणि दंडगोल कोरले होते. इ.स.पू. ७५ मध्ये सिसिलीत अधिकारी म्हणून आलेल्या सिसेरो यांनी ती शोधली, तेव्हा नगरवासीयांना तिची आठवणही उरली नव्हती. काटेरी झुडपांतून वर डोकावणाऱ्या त्या दोन आकृतींवरूनच ती ओळखू आली.